लहान मुलांना घेऊन ‘फिरायला जाणे’ कधी सुरू झाले? सदाशिव पेठेतून निघालेला एक धागा

१/
मे महिन्यातील शनिवारी पहाटे सदाशिव पेठेच्या बोळांतून गाड्या बाहेर पडतात. मागच्या आसनावर अर्धवट झोपेतली मुले, डिकीत वाळूत खेळायची बादली आणि फावडे. काही गाड्या ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे जातात, काही द्रुतगती मार्गाने खोपोलीच्या इमॅजिकाकडे. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे, की त्याला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण तो आहे, आणि आपण समजतो त्यापेक्षा फारच अलीकडचा आहे.

२/
जुन्या मराठी घरात प्रवासाची तीन कारणे होती. पुण्यासाठी यात्रा, प्रकृतीसाठी हवापालट आणि नात्यासाठी आजोळ. मुलांना मजा यावी म्हणून आईवडिलांनी पैसे खर्चून त्यांना परक्या ठिकाणी न्यावे, हे चौथे कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांतले. ते आले कुठून आणि येताना त्याने कोणाला बाजूला सारले, हा आजच्या धाग्याचा विषय.

३/
सुरुवात श्रीवर्धनपासूनच करू. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे तिथले, त्या घराण्याकडे तिथली देशमुखी. सिद्दीच्या जाचामुळे ते घाटावर आले आणि पुढे १७१३ साली पेशवे झाले. त्या काळच्या कोकणी माणसासाठी समुद्र म्हणजे गलबते, जकात, मासळी, मीठ आणि शत्रूचे आरमार. त्याच्या काठी मुलांना खेळायला घेऊन जाणे ही कल्पना त्याला चमत्कारिक वाटली असती. ज्या किनाऱ्यावरून पेशव्यांचे घराणे वर आले, त्याच किनाऱ्यावर आज त्यांच्या पुण्यातील माणसे शनिवार-रविवार घालवायला उतरतात.

४/
पेशवाईत मुलांसाठी करमणूक नव्हती का? एका मुलासाठी होती. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, तिथे दूरदेशीचे प्राणी पाळलेले असत. गंगाराम तांबट या पुण्यातील चित्रकाराने १७९० साली तिथल्या गेंड्याचे काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. त्या वर्षी सवाई माधवराव सोळा वर्षांचे होते. जन्मल्यानंतर काही दिवसांतच पेशवाईची वस्त्रे मिळालेल्या त्या मुलाला गेंडा पाहता आला. शहरातील बाकीच्या मुलांना तसाच हक्काने प्राणी पाहता येण्यासाठी आणखी दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. त्या जागेकडे आपण पुन्हा येऊ.

५/
इंग्रजी राज्यात हवापालटाला महत्त्व आले. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कमने महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसवायला घेतले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान हेरले. मुंबईचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्काम हलवू लागले. युरोपातही हेच घडले होते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्यांनी समुद्रस्नान हे औषध म्हणून सांगितले, तेव्हा धनिक मंडळी किनाऱ्यावर जाऊ लागली. म्हणजे किनारा आणि डोंगर दोन्ही आधी दवाखाने होते. त्यांची क्रीडांगणे पुढे झाली.

६/
एतद्देशीय पुढाऱ्यांनीही हा प्रघात उचलला. सदाशिव पेठेतील विंचूरकर वाड्यात अनेक वर्षे राहिलेले लोकमान्य टिळक उन्हाळ्यात सिंहगडावर जात. त्यांचा बंगला आजही गडावर आहे. मात्र या मुक्कामाचा हेतू विश्रांती, वाचन आणि लेखन असे. मुलाबाळांना रमवणे हा मुक्कामाचा हेतू असू शकतो, असे त्या पिढीच्या बोलण्यात दिसत नाही.

७/
१९०७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. त्याच वर्षी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ छापून प्रसिद्ध झाला. गोडसे भटजी वरसईहून उत्तरेत गेले ते द्रव्यार्जनासाठी, सत्तावनच्या बंडात सापडले आणि गंगेची कावड घेऊन परतले. घरची मंडळी घरीच. मागील शतकातला प्रवास असा कर्त्या पुरुषाचा आणि गरजेचा. माथेरानची चिमुकली गाडी मात्र पुढील शतकाची होती. तीत बसणे हीच मजा. मराठी मुलांना ती गाडी ‘आपली’ वाटू लागायला अजून दोन पिढ्या जायच्या होत्या.

८/
तोवर मुलांची सुटी म्हणजे आजोळ. शाळांना उन्हाळी सुटी लागली की आई मुलांना घेऊन माहेरी जाई. पेठेतील पुष्कळ कुटुंबांची मुळे कोकणात, म्हणून आजोळ गुहागरकडे, दापोलीकडे, राजापूरकडे. इतरांचे सातारा, नगर, सोलापूर या बाजूंना. आंबे, फणस, विहिरीवरचे पोहणे, ओटीवर पंधरा मुलांची पंगत. या आठवणी मराठी आत्मचरित्रांत इतक्या वेळा आल्या आहेत, की त्यांतील एक गोष्ट नजरेतून निसटते. ही सुटी मुलांच्या नावाने असली, तरी ती मुख्यतः आईची सुटी होती.

९/
वर्षातून महिना-दीड महिना ती सून नसे, मुलगी असे. उशिरा उठले तर चालत असे. मनातले बोलायला आई, बहिणी, मैत्रिणी असत. ‘माहेरपण’ हा शब्द त्या विसाव्याचे नाव आहे, आणि त्याला नेमका पर्याय सहलीच्या भाषेत आजही सापडत नाही. अर्थात या विसाव्याची किंमत दुसरी बाई मोजत होती. त्या पंधरा मुलांची भाकरी थापणारी मामी स्वतःच्या माहेरी कधी जाई, हे त्या रम्य आठवणींत कोणी विचारलेले नसते.

१०/
आता रस्त्याचा इतिहास. झुकझुक गाडीने मामाच्या गावाला जाण्याचे ग. दि. माडगूळकरांचे गाणे आपण सर्वांनी म्हटले आहे. पण कोकणातील मामाकडे गाडी जातच नव्हती. पुण्याला रेल्वे १८५८ साली आली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मधली १४० वर्षे कोकणातले आजोळ गाठायचे ते बैलगाडीने, होडीने, मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीने आणि नंतर एसटीने. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. घाट उतरून खाडीपर्यंत पोचायला तिला आणखी काळ लागला.

११/
हा प्रवास निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक जण आपल्या घरी, आपल्या माणसांकडे निघाले होते. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांनी तो महिना सुतकात काढला.

१२/
बरोबर आठ वर्षांनी, १७ जुलै १९५५ रोजी, अमेरिकेत डिस्नेलँड उघडले. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना बागेतील चक्री पाळण्यावर बसवून स्वतः बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्या बाकावर सुचला, असे ते सांगत. आपल्याकडे पाळणा होताच, पण तो जत्रेत होता. जत्रा गावाच्या देवाची असे, ती वर्षातून एकदा गावात येई आणि पाळणेवाला मुलांपर्यंत चालत येई. नव्या जागेत उलटे झाले. पाळणा एका जागी रोवला गेला आणि कुटुंब त्याच्याकडे प्रवास करू लागले.

१३/
पुण्याने त्याच सुमारास आपला मार्ग काढला होता. सदाशिव पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर, पर्वतीच्या पायथ्याजवळ, १९५३ साली महापालिकेचे पेशवे उद्यान झाले. तिथे प्राणी आले. शिकारखान्याचा तो परिसर आता सर्व मुलांचा झाला. एप्रिल १९५६ मध्ये, म्हणजे डिस्नेलँडनंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, तिथे ‘फुलराणी’ धावू लागली. बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारे नाव, लहानसे डबे, झाडांतून एक फेरा. सदाशिव पेठेतील मुलाला चालत जाऊन, थोड्या पैशांत, संध्याकाळी घरी परतण्याच्या बोलीवर मिळालेली ही पहिली आगगाडी. प्राणी १९९९ साली कात्रजला हलले. फुलराणी राहिली.

१४/
पण कुटुंबाने मिळून बाहेरगावी जायचे तर दोन गोष्टी हव्यात : पगारी रजा आणि प्रवासखर्च. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली. या सवलतीतील एक तपशील फार बोलका आहे. आरंभी ती ‘स्वग्रामी’ जाण्यासाठी होती, ‘भारतात कोठेही’ जाण्याची मुभा नंतर जोडली गेली. म्हणजे आरंभी सरकारच्याही मनात सुटी म्हणजे घरी परत जाणे हेच होते. ‘स्वग्राम’ ते ‘कोठेही’ या दोन शब्दांच्या मधे आपला सगळा विषय सामावला आहे.

१५/
त्याच काळात स्वग्राम मात्र रिकामे होत चालले होते. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरल्यावर कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क मान्य झाला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांना न्याय मिळाला. जमिनीच्या खंडावर चालणाऱ्या घरांचा आधार तुटला आणि त्या घरांतील तरुणांनी मुंबई-पुण्याची वाट अधिकच धरली. आजोळच्या त्या भरल्या घरांचे धान्य कोणाच्या घामातून येत होते, हेही या निमित्ताने आठवावे. हळहळ व्यक्त करताना हा अर्धा भाग सोडून देणे इतिहासाला परवडणारे नाही.

१६/
दुसरे कारण साध्या गणिताचे. समजा, आई सहा भावंडांपैकी एक आहे. बाकीच्या पाचही बहिणीच असण्याची शक्यता बत्तीसात एक, म्हणजे सुमारे ३ टक्के. तेव्हा मामा जवळजवळ ठरलेला. आई दोन भावंडांपैकी एक असेल, तर मामा असण्याची शक्यता निम्मी. आई एकुलती असेल, तर शून्य. १९५० च्या दशकात भारतात सरासरी एका स्त्रीला सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हा आकडा १.७ आहे. मामाचे गाव हरवले असे आपण म्हणतो. पुष्कळ घरांत मामाच उरला नाही.

१७/
या रिकाम्या जागेत पर्यटन आले. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८४ साली केसरी पाटील यांनी ‘केसरी’ सुरू केली. मराठी जेवण आणि मराठी बोलणारा मार्गदर्शक मिळणार म्हटल्यावर धास्तावलेली मध्यमवर्गीय कुटुंबेही परप्रांती आणि पुढे परदेशी निघाली. १९८९ साली मुंबईत गोराईला ‘एस्सेल वर्ल्ड’ उघडले. नव्वदीत वाढलेल्या कोणालाही त्याची जाहिरात आठवेल : मूल ठासून सांगते, की मी इथेच राहणार, घरी जाणार नाही. स्वग्राम सवलतीपासून इथवर किती अंतर कापले गेले ते पाहा. सुटीचे सार्थक आता घरी पोचण्यात नव्हते, घरी न जाण्याच्या हट्टात होते.

१८/
पुढचा टप्पा आपल्या डोळ्यांसमोरचा. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, २०१३ साली त्याच्यालगत खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. महिना-दीड महिन्याची सुटी दोन दिवसांवर आली, कारण आता आई आणि वडील दोघांच्याही रजा जुळवाव्या लागतात. गोराईचे एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले आणि ज्या पिढीने तिथून घरी न जाण्याचा हट्ट धरला होता, तीच हळहळली. करमणुकीच्या नगरीचे आयुष्य एका पिढीएवढे. पेठेतील वाड्याचे त्याहून पुष्कळ अधिक होते.

१९/
दरम्यान कोकणात एक लक्षणीय घटना घडली, तिची नोंद मात्र फारशी झाली नाही. मामाच्याच घरावर पाटी लागली : ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’. तीच ओटी, तीच सुपारीची बाग, तेच मोदक. फरक इतकाच, की जेवणाऱ्या मुलांचे आईवडील आता ताटाचे पैसे देतात. वर आपण मामीचा प्रश्न अर्धवट सोडला होता, त्याचे उत्तर इथे येते. पिढ्यान्‌पिढ्या नात्याच्या नावाखाली फुकट झालेल्या तिच्या श्रमांना प्रथमच दर लागला. आजोळ संपल्याचे दुःख करताना ही बाजू विसरू नये.

२०/
आणि आईचे काय झाले? तिला दोन दिवस चुलीपासून सुटका मिळाली, नवऱ्यासोबत मुलांना खेळताना पाहण्याचा निवांतपणा मिळाला. जुन्या काळी वडील बहुधा पोचवायला आणि आणायला येत. आता ते वाळूत किल्ला करायला बसतात, ही मोठीच कमाई. पण सामान बांधणे, औषधे आठवणे, ओले कपडे वाळवणे, रडणाऱ्याला झोपवणे हे बहुतेक घरांत अजून तिच्याकडेच आहे, आणि तिला ‘मुलगी’ म्हणून वागवणारे तिथे कोणी नाही. माहेरपण गेले. त्याच्या जागी जे आले ते सहकुटुंब आहे, सुखाचे आहे, पण तिचे एकटीचे नाही.

२१/
आणखी एक गोष्ट गेली, आणि ती जिवावर बेतणारी आहे. किनाऱ्यावरच्या आजोळी समुद्राचे वेळापत्रक तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती, हा कोकणचा जुना हिशेब. अष्टमीला सुमारे सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, शिवाय उधाण. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा आडाखा जुळतो. कोणत्या पुळणीवर पाण्याला ओढ आहे, हे मामा मुलाचा हात धरून सांगे. पर्यटकाला कोण सांगणार? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनारा आपण ‘स्थळ’ म्हणून विकत घेतला. त्याच्यासोबत मिळणारे शहाणपण त्या किमतीत धरलेले नव्हते. आज ते काम जीवरक्षकाचे आणि स्पष्ट फलकाचे आहे. जिथे ते नाहीत, तिथे स्थानिक माणसाला विचारल्याविना मुलाला पाण्यात सोडू नये.

२२/
शेवटी, कोणाची सुटी? १९८० साली पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला. पगारवाढीसोबत हक्काच्या सुटीची मागणी होती, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पेठेतील कुटुंबे सुटीवर निघत, तेव्हा त्यांच्या घरी राबणाऱ्या बाईची मुले सुटीत कुठे जात? कारखाना कायद्याचे कलम तिच्यापर्यंत पोचत नव्हते. तिच्या मुलांसाठी सारसबागेचे हिरवळीचे मैदान होते आणि फुलराणीचा फेरा होता. महापालिकेने १९५६ साली रुळांवर ठेवलेल्या त्या छोट्या गाडीचे मोल इथे कळते. ज्यांना कुठेच जाता येत नाही, त्यांनाही ती पाच-दहा मिनिटे का होईना, प्रवासाला नेते.

२३/
तर हा धागा असा : एका पेशव्याचा गेंडा, आईचे माहेर, महापालिकेची गाडी, तिकिटाची नगरी आणि मामीच्या घरावरची पाटी. मुलांची सुटी अधिक मुलांपर्यंत पोचली, हे खरे. तिच्यातील आईचा हक्काचा विसावा आणि समुद्र ओळखणारा माणूस वाटेत गळून पडला, हेही खरे. पहिले ठेवून दुसरे परत मिळवता येईल का, हा प्रश्न इतिहासाचा नाही, आपल्या घरचा आहे.

२४/
एक विनंती. येत्या रविवारी घरातील आजीला दोन प्रश्न विचारा. पहिला नेहमीचाच : सुटीत तुम्ही कुठे जात होतात? दुसरा सहसा कोणी विचारत नाही : तिथे स्वयंपाक कोण करत असे? उत्तरे लिहून ठेवा, तारखा-गावांसह. दप्तरखान्यांत पेशव्यांच्या जामदारखान्याचे हिशेब मिळतात, आपल्या आज्यांच्या सुट्यांचे मिळत नाहीत. ते कागद आपणच तयार करायचे आहेत.